आदला वार

रात्री दोनला मॅग्नेशियमची मात्रा.
ट्रेमध्ये पाच अँप्यूल, अजून अखंड.
लेबल तीनदा वाचायचं असतं:
कपाटातून काढताना, सिरिंजमध्ये ओढताना,
रिकामी काच टाकण्याआधी.
कुरखेड्याच्या ह्या वॉर्डात लाइट जाते,
म्हणून मी चौथ्यांदा वाचते, मोबाइल दातांत धरून.
दुसऱ्या सिस्टरने तपासावं असा नियम आहे.
रात्रीची मी एकटीच.

चार्टवर लिहिलंय: शेवंता सुकरू मडावी, खाट चार.
संध्याकाळी चारवरचा पंखा बंद पडला
आणि बाया आपापल्या सोयीने सरकल्या.
मनगटावरची चिकटपट्टी घामाने गेली,
बॉलपेनचा नुसता निळा डाग.
वॉर्डात शेवंता मडावी दोन,
एकाच टोल्याच्या, दोघी ओल्या बाळंतिणी.
एकीला झटके आले होते,
दुसरीचं फक्त रक्त कमी.

चारवरची जागी आहे.
"नाव सांग वो बाई."
"शेवंता."
"नवऱ्याचं?"
पदर दातांत.

हेडसिस्टर असत्या तर ओरडल्या असत्या.
मी कशी ओरडू?
माझी आई अजून रेशनच्या दुकानात
कार्डावर बोट ठेवून माझा बाप दाखवते.

"बरं, वार सांग. कोणत्या वारी जन्मला तो?"
ती हसते. "बुधवारचा हाये."
म्हणजे बुधराम.
माझ्या हातातला ट्रे जड होतो.

सात नंबरवरून जड जिभेने कोणीतरी म्हणतं,
"माहा... बाजाराच्या आदल्या दिवसचा."
टोल्याचा बाजार शनिवारी.

एकदा मी विचारलं नव्हतं.
शिकत होते, साधी गोळी होती, काही झालं नाही.
काही झालं नाही, हेच मला जास्त आठवतं.

सातवर जाते. रबरी हातोडी गुडघ्याखाली:
पाय उडतो, थोडा उशिरा, पण उडतो.
श्वास पूर्ण मिनिटभर मोजते. अठरा.
पिशवीत चार तासांची लघवी दीडशे.
ह्यातलं एकही बिनसतं
तर पाचही अँप्यूल परत कपाटात.
उशाशी कॅल्शियम ग्लुकोनेट, न फोडलेलं.
तसंच राहो बापा.

मग कापसात धरून माना मोडते,
टक्, टक्,
बाळ दचकत नाही.
"दुखंल बरं," मी सांगते. तिला माहीत आहे,
दहाला उजवी बाजू झाली, आता डावी.

वहीत वेळ, मात्रा, बाजू, सही.
पुढची सहाला. आठला रुखसाना सिस्टर येतील,
चपला बदलतानाच विचारतील, काय विशेष?
मी सांगेन: चारवर बुधवार, सातवर शुक्रवार,
आणि पंख्याचं कोणाला तरी बघायला सांगा.