सहा तासांच्या आत

उंची एकशे बासष्ट. छाती ऐंशी, फुगवून चौऱ्याऐंशी.
फुगवलेली छाती टेपवाल्याने लिहून घेतली
आणि मग श्वास सोडायला सांगितलं.
तेव्हापासून मी भानुदास खिल्लारे, सुरक्षा रक्षक,
ओळखपत्राची मुदत पुढल्या मार्चपर्यंत.

फुरसुंगीच्या एका गोडाऊनमध्ये शंभर तास वर्ग झाला,
साठ तास मैदान.
काळोखे सर, फौजेतून सुभेदार होऊन आलेले,
फळ्यावर दोन रकाने काढायचे:
तुम्ही काय करू शकता, काय करू शकत नाही.
दुसरा रकाना फळा संपून भिंतीवर जायचा.
कोठडी नाही. जबाब घेणं नाही. कानाखाली तर नाहीच नाही.
गणवेश पोलिसासारखा दिसता कामा नये.
"शिट्टी मात्र तुमची," सर म्हणायचे, "ती मनसोक्त वाजवा."
मागच्या बाकावरचा लोणंदचा एक जण उठला,
सर, मग आपल्याला ठेवलंय कशाला?
सरांनी खडू खिशात टाकला.
"साक्षीला," म्हणाले.

उंड्रीत आमची सोसायटी, सात इमारती.
गेटवरचं रजिस्टर आता मोबाईलमध्ये गेलंय,
तरी मी वही ठेवतो.

मंगळवारी पहाटे पावणेतीनला डी विंगच्या जिन्यात
पितळ वाजलं. पितळ वेगळं वाजतं, लोखंडासारखं नाही.
आगीच्या पाइपांची नोझल, चार, शाळेच्या दप्तरात;
दप्तरामागे एक पोरगा, मिसरूड धड फुटलेलं नाही.
मनगट धरलं. त्याची नाडी मला मोजता आली असती.
डोळ्यांदेखत असा गुन्हा झाला तर कुणीही नागरिक धरू शकतो,
हे पहिल्या रकान्यातलं.
म्हणजे तेवढ्यापुरता मी नागरिक झालो.
पण सहा तासांच्या आत पोलिसांकडे.
घड्याळ पाहिलं.

शिट्टी वाजवली, ते मात्र चुकलं.
पाच मिनिटांत नाइट पँटी, चपला, एक क्रिकेटची बॅट.
केळुसकर म्हणाले, दे जरा इकडे.
जी-एकशेदोनच्या बाईंनी दोन वर्षांत मला
नावाने हाक मारली नव्हती.
"भानुदास," म्हणाल्या, "तू फक्त बाजूला हो."

नाही झालो.
पोराला केबिनमध्ये बसवला. कडी लावली नाही,
कडी लावली की कोठडी होते.
दारात उभा राहिलो, तोंड बाहेर करून,
ज्यांच्या मेंटेनन्समधून माझा पगार निघतो त्यांच्याकडे.
"साहेब, त्याला हात लागला तर केस माझ्यावर होते."
खोटं नव्हतं. अगदी खरंही नव्हतं.
छाती फुगवली होती बहुतेक, चार सेंटिमीटर.

आतून पोरगा म्हणाला, काका, पाणी.
बाटली मागे सरकवली.
तुम्ही पोलीस आहात?
नाही.
मग?
याला काळोखे सरांनी उत्तर दिलं असतं.

चार वीसला गाडी आली. हवालदार उतरले,
त्यांनी पोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे:
"आधी तुझं कार्ड दाखव."
कार्ड ठीक होतं. एजन्सीचा परवाना केबिनच्या भिंतीवर
चौकटीत लावलेला, मुदत संपून एकोणीस दिवस.
मालक फोनवर झोपेतच म्हणाले, टाकलाय, टाकलाय, नूतनीकरणाला.
हवालदारांनी पोराबद्दल तीन ओळी लिहिल्या.
एजन्सीबद्दल दीड पान.
बॅट कधी घरी गेली, कळलं नाही.

निघताना वहीत नोंद केली:
आत, पोलीस दोन.
बाहेर, पोलीस दोन, मुलगा एक, नोझल चार, खिल्लारे एक.
परत येण्याची वेळ रिकामी ठेवली.

आलो परत, सकाळी दहाला. कमिटीचं पत्र आलं होतं,
सभासदांशी उद्धट वर्तन.
नोझल अजून चौकीत आहेत, मुद्देमाल म्हणून.
आग लागली तर काय करायचं
ते मला तोंडपाठ आहे, शंभर तासांतले आठ त्याचेच होते,
फक्त पाइपाला तोंड असेल
असं सरांनी धरून शिकवलं होतं.