पावणेसातचा वाढदिवस

महावितरणच्या बिलामागे यादी केली होती मी
मंगळवारीच, दोन रकाने पाडून:
सोसायटीचा हॉल, शनिवार, सहा ते नऊ.
सेक्रेटरी गद्रेकाकांना आवाजाबद्दल लेखी हमी.
बोहरी आळीतून टोप्या, डझनाचा भाव करून.
थर्माकोलचा पाच, चमकी लावलेला.
जादूगार, पण कबुतराशिवाय,
मागच्या वर्षी ए विंगमध्ये ते पंख्यात जाता जाता वाचलं.
केक दीड किलो, बिनअंड्याचा,
कारण सासूबाईंचा शनिवार.

निमिष म्हणाला, आणि छबूताई?

कोण छबूताई, असं मी विचारलं नाही.
रोज सकाळी गॅलरीच्या गजांत नाक खुपसून
तो तिचीच तर वाट बघतो.
ढकलगाडीच्या एका चाकाची किरकिर
त्याला कोपऱ्यापासून ऐकू येते,
माझी हाक तीनदा मारावी लागते.
मोठा होऊन काय करणार?
ओला आणि सुका.

बुधवारी जिन्यात गाठून आमंत्रण दिलं.
हातमोजा काढून हसली ती.
"संध्याकाळचं कुठलं जमतंय, ताई,
शेडवर माल निवडायचा असतो.
सकाळी असते की मी. पावणेसातला, इथंच."

निमिषने ऐकलं, मान हलवली,
त्याच्यापुरता प्रश्न संपला.
माझा सुरू झाला.

यादी खोडली. कडेच्या जागेत बारीक अक्षरात:
पावणेसात, पार्किंग, बी विंग.
जादूगार म्हणाला, मॅडम, त्या वेळेला माझा हात चालत नाही.
केकवाला म्हणाला, आदल्या रात्री न्या, फ्रीजमध्ये जागा करा.
इडलीचं पीठ बाहेर, कोथिंबीर बाहेर,
दोन दिवसांची आमटी पोटात.
आयांना फोन.
एक नुसतीच गप्प राहिली.
एक म्हणाली, सकाळी म्हणजे, सकाळी?
एक म्हणाली, बरं झालं बाई,
संध्याकाळी आणखी तीन वाढदिवस आहेत.
शिवापूरच्या नाइटवरून श्रीरंगची बस
साडेसहाला वडगावच्या पुलाखाली थांबते.
पाच वर्षांत पहिलाच वाढदिवस,
ज्याला बाबा वेळेवर पोचू शकेल.

खेळ निमिषनेच ठरवला:
दोन बादल्या, हिरवी आणि निळी.
केळ्याच्या साली, फुटके फुगे, बिस्किटांचे कागद,
पेन्सिलीचा भुगा.
भुगा ओला की सुका, ह्यावर शुक्रवारी रात्री
अकरा वाजेपर्यंत घरात तीन मतं.
सासूबाईंचं मत सगळ्यात ठाम.
फुगे फुगवता फुगवता मला वाटत राहिलं,
कोणी येणारच नाही.

आले. दहा जण. सात नाइटड्रेसमध्ये,
एकाच्या ओठाला टूथपेस्ट.
दुधाच्या पिशव्या आणायला उतरलेले गद्रेकाका
आवाज कसला, म्हणत आले
आणि टोपी घालून थांबले.
छबूताईने टोपी स्कार्फवरच चढवली,
रबर हनुवटीखाली नीट बसवलं, मग निकाल दिला:
"मातीत जातोय ना? मग ओला."
सासूबाईंनी वर बघून घेतलं.

कुणीतरी विचारलं, छबूताई, तुमचा वाढदिवस कधी?
"एक जून."
आणि केकचं बोट चाटत,
"मास्तरांनी सगळ्या वर्गाचीच एक जून टाकली होती."
मुलांना हे फारच आवडलं,
एवढ्यांचा एकदम, म्हणजे केक केवढा!

सव्वासातला ती गाडीकडे वळली.
प्लेटा मोजल्या, दुमडल्या, दाबून भरल्या.
पाचापाशी थांबली,
नखाने चमकी खरवडून बघितली.
"हा कुणी घेत नाही, ताई.
पुढच्या वर्षी पुठ्ठ्याचा करा."
निमिषने माझ्याकडे असं पाहिलं
की मी श्रीरंगकडे पाहिलं,
तर तो खुर्चीत बसल्या बसल्या, टोपीसकट, झोपलेला.

पाच अजून गॅलरीत आहे,
भिंतीकडे तोंड करून.
वाऱ्यावर थोडी थोडी चमकी
खालच्यांच्या तुळशीत पडते.
कुठल्या बादलीत,
ते आमच्याकडे अजून ठरलेलं नाही.