काळी माती बसेपर्यंत

लोखंडी कपाटाच्या मागे ओल धरलेली भिंत.
तिथे आम्ही मोडके बाक कोंबायचो, आणि गणिताच्या पेट्या,
ज्यांच्या किल्ल्या आधीच्या सरांच्या बदलीबरोबर गेल्या.
एका शनिवारी सगळं व्हरांड्यात काढलं.
कुंताबाईंनी खिचडीचं पातेलं उतरवलं,
दोन पोती उसवून एक केली, खाली अंथरली.
उशीत कवडी कापूस –
व्यापारी बाजूला फेकतो तो, पिवळट, किडका.
सुलभा धुर्वेच्या घरून फडक्यात बांधून आला.
उशी जरा टोचते. सरकी राहिलीय आत.

नाव काही दिलं नाही.
पोरंच म्हणू लागली, कपाटामांग.
"सर, मी कपाटामांग जाऊ?"
पाणी प्यायला जाऊ का विचारतात, तसं.

पहिला गेला नयन टेकाम.
तो रडत नाही, चावतो.
त्या दिवशी पाटी आपटली, मग मनगट चावलं,
स्वतःचंच.
मी ओरडणार होतो. वीस वर्षांची सवय.
घसा खाकरला फक्त, आणि कपाटाकडे बोट केलं.

तिथे थंड्याची रिकामी बाटली,
आत पाणी आणि शाळेमागच्या वावरातली मूठभर माती.
प्रशिक्षणात सांगितलं होतं :
हलवायची, खाली ठेवायची,
माती बसेपर्यंत बघत राहायचं. मनही बसतं तेवढ्यात.
सांगणाऱ्या बाई लांबच्या होत्या.
त्यांच्याकडची माती वेगळी असेल.
आमची काळी.
लहान सुट्टी झाली, खिचडी झाली,
वरचे टिन उन्हानं तडतडून गप्प झाले,
नयन अजून पालथा, बाटलीला नाक लावून.
"सर, थे अजून गढूळच हाय."

दुसऱ्या दिवशी मी नाल्यातली रेती आणली.
बाटली हलवली.
एक, दोन, तीन – बसली.
तराजूची दांडी दाबणाऱ्या दुकानदाराकडे बघावं
तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं.
"इतल्या लवकर कोनाचं बसते का, सर?"

मग त्यानंच दोन्ही एकत्र केलं.
रेती आधी तळाशी जाते.
वर धुरासारखी माती, बराच वेळ,
कधी कधी शाळा सुटेपर्यंत.
तेवढा वेळ मी कुणाला देत नव्हतो.
मलाही कुणी दिला नव्हता.

केंद्रप्रमुखांनी विचारलं, हे कोणत्या योजनेतून?
मी डेडस्टॉक रजिस्टर उघडलं :
पोतं एक, उशी एक, बाटली एक.
शेऱ्याच्या रकान्यात 'वापरात'.
त्यांनी सही केली. उशी दाबून पाहिली,
बोट झटकलं.

आज दुपारी तास सुरू झाला
तरी नयन जागेवर नाही.
कपाटाला पाठ लावून फरशीवर बसलेला,
बाहेरच्या बाजूला.
आत का नाही गेलास?
त्यानं ओठांवर बोट ठेवलं.
"सुलभा हाय आत.
तिचं बसू रायलं अजून."