ऊर

अव्वा विचारते, समुद्र बघितलास का.
उमदीच्या अलीकडे, बोर नदीच्या कोरड्या वाळूत
आमच्या शेळ्या बसल्यात रवंथ करत,
आणि ती समुद्राचं विचारते
शेंगांचा भाव विचारावा तसं.

बघितला. पण आधी पूल बघितला.

पवनचक्कीचं काम शिकायला कंपनीनं धाडलेलं,
आठ आठवडे, कमरेला दोर, हातात पाना.
रविवारी बाकीचे झोपले.
मी बस धरून ईरुनला गेलो, त्या देशाच्या शेवटच्या गावाला.

शेवटचं गाव मला कुठंही ओळखू येतं.
गरजेपेक्षा जास्त पेट्रोलपंप.
पाट्यांवर दोन भाषा,
त्यातल्या एकीवर कुणीतरी काळं फासलेलं.
पलीकडच्या गाड्या येतात, टाकी भरतात,
सिगारेटची पाकिटं घेतात, वळतात.
आपण नाही का जात चडचणला,
लिटरमागं चार रुपये वाचवायला,
वाटेतच भाषा बदलून.

पुलाच्या मध्यावर मोबाईल थरथरला :
दुसऱ्या देशात आपलं स्वागत आहे.
मी चार पावलं मागं आलो. परत थरथरला.
पुढं गेलो. परत.
तिसऱ्या वेळी कठड्यापाशी कुणीतरी हसलं.

गळ टाकून बसलेला म्हातारा. आंचोन.
डोक्यावर उपडी ताटली ठेवावी तशी टोपी.
त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं,
त्यामुळं कुणाला लाज वाटायचं कारण नव्हतं.

त्यानं वरच्या अंगाला बोट केलं.
नदीत एक बेट आहे म्हणाला, नुसती झाडं,
मध्ये एक दगडी खांब, माणूस राहत नाही.
सहा महिने ह्या देशाचं, सहा महिने त्या देशाचं.
तारीख ठरलेली. भांडण नाही.

इथं अव्वा पहिल्यांदा हसली.
'म्हणजे आपली विहीर की रे.'
आठ दिवस आपले, आठ दिवस भीमण्णाकाकाचे,
आणि नवव्या पहाटे मोटर चालू राहिली
तर कुऱ्हाड कुणाच्या घरून आधी निघेल
हेही ठरलेलं.

मग त्यानं पाण्याकडं बोट करून सांगितलं, ऊर.
त्यांच्या जुन्या बोलीत पाण्याला ऊर म्हणतात.
मी म्हटलं, माझ्या आईच्या भाषेत ऊरु म्हणजे गाव.
आणि शाळेच्या भाषेत ऊर म्हणजे
शब्द सुचेना, म्हणून छातीवर हात ठेवला.
त्याला वाटलं, दुखतंय.
घाईघाईनं बाटलीचं झाकण काढून पुढं केली.
मी प्यालो. काय सांगणार.

त्याच्या बापाच्या शाळेत, म्हणाला,
घरची बोली तोंडातून निसटली की हातात अंगठी द्यायचे.
दुसरा कुणी चुकला की अंगठी त्याच्याकडं.
शाळा सुटताना जिच्याकडं, ज्याच्याकडं असेल,
छडी त्याला.
मला छडी नव्हती, अव्वा.
मास्तर फक्त विचारायचे, घरी काय बोलता रे,
आणि वर्ग आधीच हसायला लागलेला असायचा.
सीमेला ते लोक मुगा म्हणतात.
मी सातवीपर्यंत तेच गिळून बसलो होतो.

मासा एकही लागला नाही त्याला.
उठताना म्हणाला, मासे दोन्हीकडचे, गळ एकीकडचा,
किंवा असंच काहीतरी. मला नीट कळलं नाही.

संध्याकाळी नदीच्या मुखाशी गेलो.
नदी संपते तिथं पाण्यावर रेघ शोधली,
कुठं ह्यांचं, कुठं त्यांचं.
वारा मात्र आपल्याच माळावरचा,
पाती फिरवणारा, डोळ्यांत पाणी आणणारा.

'गोडं होतं?'
नाही गं. चाखून बघितलं. खारट.

'म्हणूनच,' अव्वा म्हणाली,
'त्याला कुणी पाळी लावली नाही.'
गुडघ्यावर हात देऊन ती उठली.
आज आठवा दिवस. पेटीपाशी जाऊन
खटका खाली केला.
पाइपातलं शेवटचं पाणी थोडा वेळ गळत राहिलं,
बांधाच्या ह्या बाजूला की त्या बाजूला,
अंधारात दिसत नव्हतं.