नऊ मिलिमीटर

माझं काम सोपं आहे. एक काठी, वर गोल पत्रा,
इकडून लाल, तिकडून हिरवा.
पुलाची एकच मार्गिका चालू आहे,
ती मी दोन्ही काठांना चार-चार मिनिटं वाटून देते,
सावत्र पोरांना भाकरी वाढावी तशी, मापून.
पलीकडच्या टोकाला वाझा. त्याचा वॉकीटॉकी खोकतो:
"शेवटची पांढरी व्हॅन, टपावर गादी बांधलेली."
गादी आली की मी पत्रा फिरवते.

ओतिया इंजिनिअर सांगतो, एकसष्ट साली हा पूल काढला
तेव्हा नकाशात तेरा टनांचा ट्रक होता,
आणि तोही बहुधा एकटाच.
आता पोतीच्या बंदरातून चव्वेचाळीस टनी येतात,
एकाच्या शेपटीला दुसरा,
फरश्या, टायर, बिस्किटं, कुणाच्या तरी लग्नातला फ्रीज.
ओतिया हातोडीनं खांब ठोकतो आणि कान लावतो,
कलिंगड घेताना लावतात तसा.
बद्द वाजलं की खडूनं फुली.
गावच्या पोरांनी एका रात्रीत
फुल्यांच्या मधोमध गोळे काढून ठेवले.
त्यानं शिव्या घातल्या, मग गोळेही ठोकून पाहिले.
एक खरोखरच बद्द निघाला.

थांबलेली माणसं पहिल्या मिनिटाला चडफडतात,
दुसऱ्याला फोन बघतात,
तिसऱ्याला काच खाली येते.
त्राब्झोनचा सेर्व्हेत मूठभर हेझलनट देतो
आणि मुलीच्या परीक्षेचं सांगतो,
दर मंगळवारी चार मिनिटं.
गणितात राहिली, हे मला जूनमध्ये कळलं.
पुन्हा बसली, हे जुलै संपताना.
निकाल अजून यायचाय.

काल रात्री पूल उचलला.
दोन ते सव्वातीन, दोन्ही पत्रे लाल.
बारा जॅक, एक पंप, ओतिया आकडे मोठ्यानं वाचत होता,
सात, साडेसात, आठ,
नऊवर त्यानं हात वर केला.
माझ्या करंगळीच्या नखाएवढी फट.
तिच्यातून पलीकडच्या दिव्याचा उजेड आला.
साठ-बासष्ट वर्षं तिथं नुसता भार होता.
शेजारीच साच्याच्या फळ्यांच्या रेघा,
लाकडातल्या गाठींसकट काँक्रीटमध्ये उमटलेल्या.
त्यातल्या काही फळ्या माझ्या बापानं ठोकल्या.
कुठल्या, ते त्यालाही सांगता आलं नसतं.
चेरूला नदी खालून चालली होती,
तिला कुणी काही कळवलं नव्हतं.

जुना रोलर निघाला, गंजून चपटा झालेला.
वाझा म्हणाला, भंगारात बरे पैसे येतील.
ओतिया म्हणाला, नोंद आहे त्याची.
नवं रबर आत सरकवलं, आणि पूल खाली बसला.
मला वाटलं होतं, सुस्कारा तरी सोडेल.
काही नाही.

ऑक्टोबरात चार मार्गिका खुल्या होतील.
माझा पत्रा ठेकेदार परत घेईल, काठीसकट.
ओतियाच्या गाडीतून मी मोजून पाहिलं,
रिकामा पूल ओलांडायला अकरा सेकंद.
माझं स्वयंपाकघर बरोबर तिसऱ्या खांबाखाली,
तिथं दिवसाला हजार भोंगे ऐकू येतात,
त्यातला एकही आजवर माझ्यासाठी नव्हता.
सेर्व्हेत म्हणतो, मी वाजवीन की.
एकदा वाजवला, म्हणजे पास.
दोनदा, म्हणजे...

वॉकीटॉकी खोकला.
चार मिनिटं झाली होती, मी पत्रा फिरवला.