अधिकाचा दात

"दातांचीच डॉक्टर ना तू?" सिरिल प्रॉदेरो म्हणाला,
आणि सफरचंदाच्या लाकडाचा एक ठोकळा
माझ्या तळहातावर ठेवला.
त्याच्या स्वतःच्या तोंडात समोरच तीन दातांची फट,
पण बारा वर्षांत माझ्या खुर्चीवर काही बसला नाही.

हेरफर्डशायरमधला हा ओढा तसा किरकोळ.
पाटातून येतो, फळी वर केली की
चाकाच्या छातीवर पडतो,
आणि ओकचा जाड कणा
भिंतीतून आत कुरकुर घेऊन येतो.
आतलं यंत्र उभं आहे एका लाकडी चौकटीवर,
आणि चौकट भिंतीला कुठेच टेकलेली नाही.
मध्ये चार बोटं अंतर.
"टेकली असती तर विटा केव्हाच ओढ्यात गेल्या असत्या."
एका घरात राहून एवढं अंतर राखणं
मला जमायला दोन लग्नं लागली.

वरच्या मजल्यावर धान्य, मधल्यावर पाळ्या, तळाशी पीठ.
सगळं खाली येण्यावरच चालतं इथे.
पोती तेवढी साखळीने वर चढतात,
चामडी बिजागऱ्यांची झडप डोक्याने उघडत,
आणि झडप मागून मिटते, थाप मारून.
पाळीच्या मुखाशी एक चौकोनी दांडा
पन्हाळीला सारखा ढोसत असतो,
दाणे घासाघासाने पडावेत म्हणून.
त्याला इथे 'पोरगी' म्हणतात. अखंड बडबडते म्हणे.
गिरणीत सगळ्यात जास्त राबणारीचं हे नाव
कुणी ठेवलं असेल, ते विचारायला नको.

मोठं चाक बिडाचं, दात लाकडाचे:
काही अडलंच तर लाकूड मोडावं, लोखंड नाही.
दात एकशे एकवीस.
समोरच्या लहान चाकाला चोवीस.
मी मनातल्या मनात भागून पाहिलं. भाग जात नाही.
"जाऊच नये. एकशे वीस असते,
तर प्रत्येकाला जन्मभर समोरचा तोच एक भेटला असता.
त्याची खोड याला लागली असती.
एक जास्तीचा आहे, म्हणून सगळे सगळ्यांना भेटतात,
सारखे झिजतात."
"यातला जास्तीचा कोणता?"
त्याने खांदे उडवले.

आमच्याकडे हिशोब जुळावा म्हणून
अधूनमधून वर्षाला एक महिना जास्तीचा घालतात.
इथे हिशोब जुळू नये म्हणून एक दात.
हे त्याला सांगितलं. तो जरा थांबला,
मग बाह्या सरसावल्या.
दगडाला टाकी लावता लावता
पोलादाच्या कणांनी निळे पडलेले हात.
"ठोक," म्हणाला.

दाढ बसवली की मी पेशंटला चावायला सांगते,
मध्ये निळा कागद धरून.
इथे आम्ही खडू फासला, चाक हाताने फिरवलं,
जिथे पुसला गेला तिथे कानस मारली. तीनदा.

मग फळी वर. पाणी बेतानेच.
कुरकुर, मग घरघर.
जुन्या काळ्या दातांमध्ये तो एकटा फिकट
समोरून जाई, दर फेरीला एक हलकं टक्.
"महिनाभर बोलेल," प्रॉदेरो म्हणाला.
चोवीस फेऱ्यांनी तो पुन्हा
पहिल्याच दाताला भेटणार होता.
मी मोजत होते. सतरापर्यंत आले,
आणि वर घंटा वाजली:
दाणे संपत आलेले.
पाळ्या कोरड्या घासल्या की ठिणगी,
आणि हवेत सगळं पीठच.
मी वळेपर्यंत
दोन्ही कानांनी कमी ऐकणारा प्रॉदेरो
अर्धा जिना चढलेला होता.