वाक्याच्या शेवटी

राळेगाव सोडलं की एसटीत मी जवळजवळ एकटी,
मांडीवर ग्रीक व्याकरण.
कंडक्टर विचारायचा, "मॅडम, हे कानडी का?"

खंडारे सर टिनाच्या छपरीत बसलेले असायचे.
सेमिनरी पुण्याला गेली, सर गेले नाहीत.
सोबत एक कपाट, आणि वाळवीनं खाल्लेला शब्दकोश,
कप्पापासून पुढचा तेवढा शाबूत.

चाळीस वर्षं ते एका वाक्यावर अडलेले,
सर्वांत जुन्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या.
पहाटे कबरीवर गेलेल्या बाया
पळत सुटतात, कुणाशी बोलत नाहीत,
आणि जुन्या हस्तलिखितांत मजकूर तिथेच संपतो,
एका अव्ययावर. गार.
"म्हणजे कारण," सर म्हणायचे, "पण शेवटी आलेलं कारण.
असं कोण संपवतं? पान फाटलं असेल,
लिहिणारा मेला असेल.
पुढच्यांना राहवलं नाही, त्यांनी शेपूट जोडलं,
एकानं आखूड, एकानं लांब."
जोडलेल्या भागाला ते पेन्सिलीनं दुहेरी कंस घालत,
बाहेरून आलेलं गुरू वेगळं बांधावं तसं.

मराठीत ते वाक्य बसेना.
'कारण' तोंडाशी जायचं
आणि शेवटी उरायचं 'होत्या',
दाराला कडी लावल्यासारखं.
गॅमाचं पान वाळवीच्या पोटात.

माघातल्या एका शनिवारी दुर्पताबाई मेश्राम
छपरीच्या कोपऱ्यात तुरी पाखडत होती.
आमचं ऐकून, सूप न थांबवता बोलली:

"आमी तिघी पऱ्हाटी वेचाले गेलतो, चांदनी होती अजून.
धुऱ्यावरच्या मचानावर किसना नाही.
घोंगडं घडी घालून ठेवेल.
वाघाचे दिवस होते ते.
जे पयालो ते घरी.
कोनाले काही सांगतलं नाही.
भेलो होतो ना."

सरांची पेन्सिल थांबली.
सूप थांबलं नाही.
"परत म्हण."
"काय?"
"शेवटचं."
"भेलो होतो ना."

ना.
सर ते स्वतःशीच दोनदा म्हणाले,
दाताखाली सुपारी शोधावी तसं.

मी पहिल्या वर्षाला विचारतात तोच प्रश्न विचारला:
कुणी सांगितलंच नाही, तर गावाला कळलं कसं?
"तोंडं होते ना आमचे.
सासूनं पाह्यलं,
आन् चुलीवरचं आधन खाली उतरवलं."

सर मात्र घोंगड्यापाशी अडले होते.
"घडी घातलेलं? नक्की?
घडीचा तपशील चौथ्यात येतो, दुर्पता. सर्वांत जुन्यात नाही."
"चौथं कोनतं? एकच तं मचान होतं."
मग थोड्या वेळानं, कुणी न विचारता:
"दोन वर्सानं वनीच्या बजारात दिसला मले.
मिरच्या इकत होता."
सर हसले. फार दिवसांनी.
"हे नंतर जोडलेलं."
तेव्हा मात्र तिनं सूप खाली ठेवलं.
"जोडलेलं असंन. म्या पाह्यला."

भाषांतर समितीचं उत्तर पोस्टकार्डावर आलं:
बोलीतील रूपे ग्राह्य धरता येणार नाहीत.
सरांनी त्या कार्डाची खूण केली
आणि व्याकरणात ठेवून दिली.

वही आता माझ्याकडे आहे.
शेवटच्या पानावर ते वाक्य,
'कारण' खोडलेलं, टोकाला 'ना',
पुढे पूर्णविराम नाही.
खाली दुहेरी कंस उघडलाय,
आत बारीक अक्षरात: वणी. मिरच्या.
बंद करणारा कंस मी दोनदा शोधला,
पान उलटून मागेसुद्धा.
मागे तुरीचा हिशोब आहे,
दुर्पताबाईचे सहा पायल्या, द्यायचे राहिलेले.